सैल पकड

खुशाल तळ्यावरून आला की आधी जाळं झाडून वाळत घालायचा, मग स्वतः पाणी प्यायचा.

बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे कमी बघायचा, पायांकडे जास्त. ही कबड्डीची सवय.

हसू आलं की मान फिरवायचा.

सामना जिंकला की हरलेल्या गड्यांत जाऊन बसायचा. हरला की कोणाशी बोलायचा नाही. मैदानातले खडे वेचत राहायचा.

मला "बी.ए." म्हणायचा. नावाने हाक मारलेली आठवत नाही.

कुठे वाद पेटला की सगळ्यांत आधी म्हणायचा, "थांबा गा, माहंच चुकलं असन." बहुतेक वेळा त्याचं चुकलेलं नसायचं.

एकदा खरंच चुकलं होतं. तेव्हा मात्र हे वाक्य त्याच्या तोंडातून लवकर निघालं नाही.

खुशाल नागापुरे आमच्या गावचा ढिवर. मूलच्या अलीकडे आमचं गाव. गावाला मोठं तळं आणि तळ्याच्या पाळीखाली, म्हणजे बांधाखाली, कबड्डीचं मैदान. सकाळी तो मासे धरायचा, हंगामात दुसऱ्याच्या बांधीत धानाच्या रोवणीला जायचा, संध्याकाळी संघ चालवायचा. संघनायक तोच, शिकवणारा तोच. मी नागपूरहून बी.ए. होऊन परतलो, नोकरी लागेना, म्हणून मैदानावर जाऊ लागलो. माझ्या अंगात ताकद नव्हती. एखादा गडी कमी पडला तर मला उभं करत.

खुशालची पकड आसपासच्या गावांत प्रसिद्ध होती. मरळ मासा नुसत्या हाताने धरणारा माणूस तो. घोटा एकदा त्याच्या हातात आला की समोरच्याचा दम तुटेपर्यंत सुटत नाही, असं सगळे म्हणायचे. तोही म्हणायचा.

लच्छूला मैदानावर त्यानेच आणलं. लच्छू महारपुऱ्यातला, सडकेवर गिट्टी फोडायच्या कामावर जाणारा, बारीक अंगाचा. एका संध्याकाळी त्याचं वासरू सुटलं आणि आमच्या मैदानातून पळालं. मागे लच्छू. वासराने जितक्या वेळा दिशा बदलली तितक्या वेळा त्यानेही बदलली. खुशाल खेळ थांबवून बघत राहिला.

मैदान दादाजी भाऊंच्या जागेत. कबड्डी मंडळाचे प्रमुखही तेच. ते म्हणाले, "गावात दुसरे पोट्टे नाईत का?"

"हाईत ना भाऊ. पन असा एक नाई."

"लोक का म्हनतीन?"

"तो खेळनार नसन तं मी बी नाई खेळत."

दादाजी भाऊ सुपारी कातरत राहिले. त्यांना संघ हवा होता आणि खुशालशिवाय संघ नव्हता. दुसऱ्या दिवशी लच्छू मैदानात उतरला.

त्यानंतर त्याला कोणी पकडू शकलं नाही. सिंदेवाहीला नाही, गोंडपिपरीला नाही, आमच्या सरावातही नाही. तो चढाईला गेला की कोणाचा तरी हात त्याच्या पायाला लागायचा, कोणी कंबरेला हात घालायचा, आणि तो त्यातून निघून मधल्या रेघेवर परत. लोक टाळ्या वाजवत. डोमा आमच्यातला सगळ्यांत वजनदार गडी. तो म्हणायचा, "याच्या आंगाले माय रोज एरंडीचं तेल लावते वाटते."

आम्हाला लच्छूचा अभिमान होता. त्याहून जास्त स्वतःचा होता. गेल्या दसऱ्यानंतर चांद्याला दीक्षेचा सोहळा झाला. लच्छू घरच्यांबरोबर पायी गेला, बौद्ध होऊन आला आणि त्याच आठवड्यात मैदानावर आला. कोणी काही बोललं नाही. परगावचे लोक विचारत तेव्हा आम्ही छाती काढून सांगायचो, आमच्या संघात जातपात नाही. मीच हे वाक्य सगळ्यांत जास्त वेळा बोललो असेन. मला बोलता येतं म्हणून.

चैत्रात चांद्याला मोठे सामने होते. आमची गाठ खाणकामगारांच्या संघाशी पडली. त्यांच्यात तेलुगू बोलणारे होते, छत्तीसगडचे होते, थेट उत्तरेकडचे होते. आपसांत तुटक हिंदी बोलत. आम्हाला वाटलं, हा असला मिसळ संघ काय खेळणार.

पहिल्याच चढाईला लच्छू गेला. कोपऱ्यातल्या गड्याला शिवला, वळला, आणि एका बुटक्या खाणकामगाराने त्याचे दोन्ही घोटे मिठीत घेतले. दुसऱ्याने मागून कंबर धरली, छाती त्याच्या पाठीला लावली.

लच्छू थांबला. त्याने झटापट केली नाही, हात रेघेकडे नेला नाही. काय झालं आहे हेच त्याला कळलं नसावं, असा त्याचा चेहरा होता. त्याचा दम तिथेच तुटला.

दुसऱ्या चढाईला तेच. तिसऱ्यालाही. आम्ही सपशेल हरलो.

सामना संपल्यावर तो बुटका खाणकामगार लच्छूजवळ आला. त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "भागता बहुत अच्छा है रे. छूटना किसी ने नहीं सिखाया?" मग म्हणाला, "हमारे इधर आ जा. काम भी लगा देंगे."

खुशाल शेजारीच उभा होता. त्याने ते हसण्यावारी नेलं.

आम्ही छोट्या रेल्वेगाडीच्या एकाच डब्यात बसून परतत होतो. डोमानेच तोंड उघडलं. "बम गर्दी होती ना. गर्दी पाहून लटपटला गडी."

"तसं नाई," खुशाल म्हणाला. तो समजुतीच्या आवाजात बोलत होता. "त्याचं का चुकलं? हे लोक मनानं कच्चे रायतात. गावात ठीक. भायेर गेलं का यायले सुचत नाई. आपनच सांभाळून घ्याव."

लच्छू दाराजवळ बसला होता. गाडी हळू होती आणि आवाज कमी. त्याने ऐकलं. त्याने मागे वळून पाहिलं नाही. मी खुशालकडे पाहिलं. आपण काही वावगं बोललो आहोत याची त्याला कल्पनाही नव्हती. खरं सांगायचं तर मलाही ते वाक्य त्या वेळी मायेचंच वाटलं.

लच्छू मैदानावर येईनासा झाला. खुशाल सडकेवर त्याला बोलवायला गेला, मीही बरोबर होतो. लच्छू दगडावर दगड ठेवून फोडत होता. उठला नाही.

"काऊन येत नाई बे?"

"येतो. पन एक काम हाये तुमच्याकडं, भाऊ. सगळ्यायच्या आंदी येजा."

दुसऱ्या दिवशी उन्हं उतरायच्या आत आम्ही तिघंच मैदानावर होतो. लच्छू मधोमध उभा राहिला. म्हणाला, "खाणीवाल्यानं धरलं तसं धरा मले. घोट्याले. मले सुटाले शिकाचं हाये."

खुशालला ते आवडलं. शिकायला मागणारा गडी त्याला नेहमी आवडायचा. तो खाली वाकला, घोटा धरला. लच्छूने दम सुरू केला. क्षणभर गेला असेल. खुशाल उठून उभा राहिला.

"सुटला ना तू. मंग कायले शिकतं?"

लच्छू जिथे होता तिथेच उभा होता. "मी हाललोच नाई, भाऊ."

"आँ?"

"मी हाललो नाई. तुमीच सोडलं."

खुशाल हसला, मान फिरवली. "पुन्हा घे."

पुन्हा धरलं. या वेळी मी नीट बघत होतो. बोटं घोट्याभोवती गेली, बसली, आणि लच्छूने पाय उचलायच्या आधीच उघडली. एखाद्या गरम भांड्यावरून उघडावीत तशी. खुशालने आपल्या हाताकडे पाहिलं. त्यानेही ते पाहिलं होतं.

"सगळे असंच करतात," लच्छू म्हणाला. "इथी बी, सिंदेवाहीले बी. मले वाटे मी चपळ हावो. त्या दिशी समजलं. मले कोनी धरलंच नोतं आजवर."

खुशाल तिसऱ्यांदा खाली बसला. या वेळी त्याने घोटा असा आवळला की लच्छू ओरडला. पायावर बोटांचे लाल वळ उठले.

"हे पकड नाई, भाऊ," लच्छू पाय चोळत म्हणाला. "हे मारनं हाये. तुमी रागानं धरलं."

"तुह्यावर नाई राग."

"असन. पन पाय तं माहा हाये."

खुशाल पायावरचे वळ बघत होता. लच्छूच म्हणाला, "मले आयतं सुटून जितनं नाई पायजे. पोळ्यापर्यंत पायतो. तुमी लोक मले बरोबर धराले लागले तं रायतो. नाई तं खाणीवर जातो. तिथी धरतात."

तो निघून गेला. खुशाल मैदानातले खडे वेचू लागला. सामना झालेला नव्हता, कोणी हरलेलं दिसत नव्हतं. मी त्याला घरी चल म्हटलं तरी तो उठेना.

अंधार पडल्यावर त्याच्या घरी गेलो तेव्हा दाराशी तांब्या भरून ठेवलेला होता. लच्छू संघात आल्यापासून खेळून आलं की हात धुऊनच तो आत जायचा. त्या दिवशी तांब्याकडे बघत उभा राहिला. आतून देवकाबाई आल्या, त्याची आई.

"माय, हे मले कोनं शिकवलं?"

"का?"

"मैदानातून आलं का हात धुवाचं."

देवकाबाईंना प्रश्न विचित्र वाटला. "शिकवाले लागते का?" त्या म्हणाल्या, आणि भाताचं बघायला आत गेल्या. त्यांच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं. म्हणूनच खुशालला कुठे बघावं ते कळेना. तो पायरीवर बसून राहिला. त्याच्या हातांना त्या दिवसाची धूळ तशीच होती.

चार दिवस तो मैदानावर आला नाही. आला तेव्हा सगळ्यांना बसवून एका दमात सांगितलं. "माहं चुकलं. मी लच्छूले धरत नाई. धरतो आन सोडतो. आपन सगळे सोडतो."

डोमा चिडला. "हे का नवीन काढलं? आमी जातपात मानत नाई. मानत असतो तं त्याले खेळू दिलं असतं का? या हातानं त्याले किती डाव ढकललं म्या!"

"ढकललं," खुशाल म्हणाला. "धरलं नाई."

"अन् साखळीत?" हे खुशाल स्वतःलाच विचारत होता. बचावाला उभे राहिलो की आम्ही जोडीजोडीने मनगट धरून साखळी करायचो. लच्छू नेहमी मधे एकटा, हात मोकळे. चढाई करणाऱ्याला मोकळं ठेवावं, ही खुशालचीच शिकवण. ती त्याने दुसऱ्या कोणत्याही चढाई करणाऱ्याला कधी लावली नव्हती. बोलता बोलता ते त्याच्या लक्षात आलं, आणि त्याने वाक्य तिथेच सोडलं.

पत्रू हळूच म्हणाला, "म्या बी पाह्यलं होतं." पत्रू कमी बोलणारा, जंगलाकडच्या गावातून मामाकडे राहायला आलेला. "मले वाटे तसंच असते इथी."

कोणी हसलं नाही. आम्हा सगळ्यांना एकमेकांकडे बघणं नकोसं झालं होतं.

उपाय खुशालनेच काढला. पकड करणाऱ्याच्या डोळ्यांवर दुपट्टा बांधायचा. चढाईला कोण येतं हे त्याला कळता कामा नये. दम ओठातल्या ओठात, म्हणजे आवाजही ओळखू यायचा नाही. अंगाला स्पर्श झाला की धरायचं.

"आंधळी कोशिंबीर खेळून राह्यले का रे?" पाळीवरून जाणाऱ्या बाया विचारायच्या.

"हो बाई, पोरं लहान हाईत अजून," डोमा उत्तर द्यायचा.

पहिल्याच संध्याकाळी डोमाच्या डोळ्यांवर दुपट्टा असताना लच्छू त्याला शिवला. डोमाने त्याला कंबरेतून उचललं आणि खाली आणलं, नेहमी इतरांना आणतो तसंच. छाती पाठीवर, गाल मानेवर. लच्छूला हलता येईना. तो जमिनीवर पडल्या पडल्या हसायला लागला. त्याला हसताना आम्ही प्रथम पाहिलं. "आता धरलं!" तो म्हणाला.

आवाज ओळखून डोमाचे हात उघडले.

हे फार वाईट होतं. डोमाने दुपट्टा काढला आणि तळव्यांकडे बघत राहिला. "म्या नाई सोडलं," तो म्हणाला. "आईशपथ, म्या नाई सोडलं. हे आपोआप..." एवढा मोठा गडी, रडवेला झाला. खुशालने त्याच्या पाठीवर थोपटलं. "मालूम हाये. माह्या बी हातानं असंच केलं."

वैशाख असाच गेला. डोळे बांधले की सगळ्यांची पकड घट्ट. लच्छू रोज आपटला जायचा, कोपरं सोलून निघायची, आणि रोज काहीतरी शिकायचा. गुडघा कसा आत घ्यायचा, रेघेकडे कसं पडायचं. ज्या गोष्टी इतर गड्यांना पोरवयातच येतात त्या तो आता शिकत होता. त्याचं चपळ असणं खोटं नव्हतं. पण त्यावर पुढे काही रचायला आम्ही त्याला कधी दिलंच नव्हतं.

मग पाऊस, मग रोवणी. सगळे बांधीत. रोवणी आटोपून श्रावणात पुन्हा मैदानावर आलो तेव्हा पोळा जवळ आला होता. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पलीकडच्या गावाशी सामना ठरला होता.

खुशाल म्हणाला, "आता पट्टी सोडाची."

ती सोडायची पद्धत त्याची स्वतःची होती. डोळे बांधून पकड करायची, आणि पकड चालू असतानाच दुसऱ्या कोणी मागून दुपट्टा ओढायचा. धरणाऱ्याने समोर लच्छूला पाहायचं, आणि पाहूनही धरून ठेवायचं, दम तुटेपर्यंत.

पहिला तो स्वतः. दुपट्टा ओढायला त्याने मला उभं केलं. "बी.ए., तू ओढ. मले सांगू नोको केवा."

मी ओढला. खुशालने डोळे उघडले. घोटा हातात, वर लच्छू. बोटं सैल होऊ लागली. मला वाटलं, सुटणार. लच्छू पूर्ण जोर लावत होता, त्याने यत्किंचितही सूट दिली नाही. खुशालचा चेहरा ओढलेला, ओठ दाताखाली. लच्छूचा दम तुटला तेव्हा पाय खुशालच्या हातातच होता.

"आता सोडा ना भाऊ," लच्छू म्हणाला. "झालं."

खुशाल उठला, मान फिरवून उभा राहिला. हसत नव्हता.

त्या संध्याकाळी साखळी करताना त्याने लच्छूचं मनगट धरलं. लच्छूने आधी मनगटाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. एवढ्याशा गोष्टीला इतकी वर्षं लागली, याची लाज आम्हाला वाटत होती आणि तो मात्र नुसता पुढच्या चढाईची वाट बघत होता.

मग डोमाची पाळी. दुपट्टा ओढला की त्याचे हात उघडायचे. पुन्हा बांधायचा, पुन्हा ओढायचा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी डोमाने लच्छूला उघड्या डोळ्यांनी धरून ठेवलं आणि ओरडून सगळ्यांना दाखवलं, "पाहा बे, पाहा! माहेच हात हाईत हे!" लच्छू खालून म्हणाला, "पाह्यलं बाप्पा. वजन घे आता मांगं."

सगळे हसले. खुशालही. घरी जाताना मला म्हणाला, "उद्या पत्रूची सोडू. मंग एक एक. पोळ्यापर्यंत नाई होनार सगळ्यायचं. पन लच्छूले दिसन का आपन लागलो हावो."

"आणि पलीकडच्या गावाचं काय?" मी विचारलं. "तेही सोडणारच त्याला."

तो चालता चालता थांबला. "त्यायले बी सांगा लागन," म्हणाला. "कसं सांगाव ते तू सांग. तू शिकेल हायेस."

मी उद्या सांगतो म्हटलं.

रात्री त्याला हुडहुडी भरली. सकाळी भ्रम झाला. हिवताप डोक्यात गेला, असं मूलचे डॉक्टर म्हणाले, बैलगाडी तिथे पोचेपर्यंत उशीर झाला होता. पोळ्याच्या आधीच तो गेला. अठ्ठावीस वर्षांचा होता. मला अजून ते खरं वाटत नाही. संध्याकाळ झाली की पाय मैदानाकडे वळतात, आणि पाळीवरून तो दिसेल असं वाटतं.

सामना झाला नाही. लच्छू खाणीवर गेलेला नाही. जाणार की राहणार, ते सांगतही नाही. पोळ्यानंतर एका संध्याकाळी तो मैदानावर आला. आम्ही जमलो. पत्रूने आपण होऊन डोळ्यांवर दुपट्टा बांधून घेतला. लच्छू चढाईला गेला, त्याला शिवला. पत्रूने घोटा धरला. पकड घट्ट होती.

मागून दुपट्टा ओढायला कोणीतरी पुढे व्हायला हवं होतं. डोमाने माझ्याकडे पाहिलं. मी डोमाकडे. दम तुटला, पत्रूने पाय सोडला, आणि मग स्वतःच्या हाताने गाठ सोडून दुपट्टा खांद्यावर टाकला.

रोज असंच चाललं आहे.